शाळा, बालवाडी किंवा क्लास चालवताय? स्टाफच्या अपघात-भरपाईचं आणि विम्याचं गणित असं बसवा

"आमची काय फॅक्टरी आहे का, शाळेत कसला आलाय अपघात" हे वाक्य संस्थाचालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच घेतलं. शाळा भरायच्या आधीचा जूनचा पहिला आठवडा आठवून बघा. शिपाईकाका टेबलावर स्टूल ठेवून पंखे पुसतायत, कोणीतरी पावसाआधी पत्र्यावर चढून गळती बंद करतोय, मावशी ओल्या जिन्यावरून बादल्या नेतायत, गच्चीवरची टाकी धुवायला एक पोरगा आत उतरलाय, बाकं दुसऱ्या मजल्यावर चढवायची चाललीयत, आणि प्रयोगशाळेत परिचर ॲसिडच्या जुन्या बाटल्या आवरतोय. यातलं कुठलंही काम वर्कशॉपमधल्या कामापेक्षा फार सेफ नाही, फरक एवढाच की वर्कशॉपवाल्याला आपल्याकडे धोका आहे हे माहीत असतं आणि तो विमा काढून बसलेला असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, पॉलिसी घेणं हे या सगळ्यातलं शेवटचं काम आहे. खरं काम म्हणजे आपल्याकडे राबणारा प्रत्येक माणूस कायद्याच्या कुठल्या कप्प्यात बसतो ते ठरवणं, कारण शाळेत एकाच छताखाली तीन-चार प्रकारची माणसं असतात आणि एका प्रकाराला लागू होणारं कव्हर दुसऱ्याला अजिबात लागू होत नाही. एजंटने दिलेली एक पॉलिसी फाईलला लावली की झालं असं समजणारे पुढे अडकतात. खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या खाजगी शाळा, नर्सरी, कोचिंग क्लास, छोटी कॉलेजं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, गोव्यातही मूळ कायदा तोच कारण तो केंद्राचा आहे.

पहिलं काम : यादी, आणि ती पगारपत्रकावरून नाही

पगारपत्रक घेऊन बसू नका, त्यात निम्मी माणसं नसतातच. एक कोरा कागद घ्या आणि सकाळी गेट उघडण्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत आवारात कोण कोण काम करतं ते आठवून लिहा. शिक्षक, क्लार्क, शिपाई, मावशी, वॉचमन, ड्रायव्हर, बसमधली मावशी, माळी, आठवड्यातून दोनदा येणारा इलेक्ट्रिशियन, एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड, हाऊसकीपिंगच्या बायका, कॅन्टीनवाला आणि त्याचा पोऱ्या, तासावर येणारे डान्सचे सर, सुट्टीत रंग द्यायला येणारे पेंटर, सगळे. प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा : वय, महिन्याला हातात प्रत्यक्ष किती मिळतात, पगार कोण देतं (संस्था, सरकारी अनुदान की ठेकेदार), नेमकं काय काम करतो, आणि नेमलेल्या कामाशिवाय अजून काय काय करतो.

हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नेमणूक शिपाई म्हणून असते पण ट्यूबलाईट तोच बदलतो, पत्रे तोच शाकारतो, सरांची गाडीही तोच आणतो. पुढे वाद झाला की नेमणूकपत्रावरच्या पदनामापेक्षा तो प्रत्यक्षात काय करत होता हे बघितलं जातं.

क्लासवाल्यांसाठी मुद्दाम एक सांगतो. बऱ्याच ठिकाणी शिकवणाऱ्यांना 'प्रोफेशनल फी' दाखवून टीडीएस कापतात आणि हे आमचे कर्मचारी नाहीतच म्हणतात. पण माणूस रोज ठरलेल्या वेळेला येतो, रजा तुम्हाला विचारून घेतो, तुमच्याच वेळापत्रकाने शिकवतो आणि दुसरीकडे शिकवायला तुम्ही त्याला बंदी घातलीय, तर नुसत्या फी या शब्दाने तो कर्मचारी नाही असं सिद्ध होत नाही. असे लोक यादीत घ्याच.

कायदा कुठला ते थोडक्यात

आपल्याकडे दोन जुने रस्ते होते. एक 1923 चा भरपाईचा कायदा, ज्याला आधी कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणायचे आणि 2010 पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणायला लागले. दुसरा 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपलं ईएसआयसी. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये गेले. नावं आणि कलमांचे नंबर बदलले, पण मूळ ढाचा तोच राहिला : माणूस ईएसआयसीत असेल तर अपघाताचे पैसे ईएसआयसी देणार, नसेल तर भरपाई मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची. त्या खिशाला आधार म्हणून जी पॉलिसी घेतात ती एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी, जिला जुने एजंट अजून डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसीच म्हणतात.

म्हणजे एका माणसासाठी दोन्ही घ्यायची गरज नाही. ईएसआयसीत असलेला कर्मचारी त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागू शकत नाही. कितीतरी संस्था ईएसआयसीही भरतात आणि त्याच माणसांचे पगार डब्ल्यूसी पॉलिसीतही दाखवून प्रीमियम भरत राहतात, आणि ज्याला खरंच कव्हर हवं तो ड्रायव्हर दोन्हीकडून सुटलेला असतो.

आणि ही जबाबदारी चूक कोणाची ते बघून ठरत नाही. मालकाचा काही दोष नव्हता, शिडी चांगली होती, माणूस स्वतःच घसरला, तरी काम करताना आणि कामामुळे अपघात झाला असेल तर भरपाई द्यावी लागते. दारूच्या नशेत होता किंवा सांगितलेला सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला हे बचाव आहेत, पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाहीत.

ईएसआयसी : दहाचा आकडा आणि एकवीस हजारांची रेघ

10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआयसी लागू. हे 10 मोजताना पगार बघायचा नाही, सगळी डोकी मोजायची. इथेच गफलत होते, लोक 21 हजारांच्या आतले सात आहेत म्हणून गप्प बसतात. एकदा लागू झाली की पुढे माणसं कमी होऊन आठ राहिली तरी ती सुटत नाही. 10 पेक्षा कमी असतील तर मालक आणि बहुसंख्य कर्मचारी राजी असतील तर स्वतःहूनही घेता येते, आणि छोट्या नर्सरीवाल्यांनी याचा विचार जरूर करावा असं माझं मत आहे, कारण सगळं पुढे दिलंय.

माणूस आत यायला महिन्याचा पगार 21,000 पर्यंत हवा, अपंग कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा 25,000 आहे. 1 जुलै 2019 पासून मालकाचा हिस्सा 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याचा 0.75 टक्के. एक नर्सरी घेऊ. बारा माणसं. दोन सिनिअर टीचर 26,000 वर, ते बाहेर. सहा टीचर 14,000 वर म्हणजे 84,000, तीन मावशा 10,000 वर म्हणजे 30,000, वॉचमन 12,000. एकूण 1,26,000. मालकाचा हिस्सा 4,095 आणि सगळ्यांच्या पगारातून मिळून 945, म्हणजे महिन्याला 5,040 चं चलन. वर्षाला संस्थेच्या खिशातून 49,140. ऐकायला मोठं वाटतं, पण या पैशात फक्त अपघात नाही, या दहा जणांच्या आजारपणाची भरपगारी नसली तरी 70 टक्के भरपाई वर्षात 91 दिवसांपर्यंत, मॅटर्निटी, आणि घरच्यांसकट औषधोपचार येतात. अपघाताने तात्पुरतं घरी बसावं लागलं तर सरासरी रोजाच्या 90 टक्के, आणि कामावर असताना मृत्यू झाला तर अवलंबितांना दर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम. दहा हजारावर काम करणाऱ्या मावशीच्या घरासाठी हे किती मोठं आहे हे वेगळं सांगायला नको.

नोंदणी ऑनलाईन होते आणि संस्थेला 17 आकडी कोड मिळतो, प्रत्येक कर्मचाऱ्याला 10 आकडी विमा नंबर. ट्रस्ट किंवा सोसायटीऐवजी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून प्रीस्कूल चालवणाऱ्यांनी जुनी कागदपत्रं बघा, हल्ली कंपनी नोंदवतानाच ईएसआयसीचा नंबर आपोआप निघतो आणि तो पडून असतो. चलन पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. उशीर झाला की 12 टक्क्यांनी व्याज. वर्षाचे दोन भाग असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि मध्येच कोणाचा पगार 21,000 च्या वर गेला तरी तो भाग संपेपर्यंत कपात चालूच ठेवायची. जूनमध्ये इन्क्रिमेंट दिलं म्हणून जुलैपासून नाव काढून टाकायचं नाही.

नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याचा नंबर काढा. "महिनाभर बघू टिकतो का, मग टाकू" ही पद्धत शाळांमध्ये सर्रास आहे आणि नेमकी तीच महाग पडते, कारण नोंदणी न केलेल्या माणसाला अपघात झाला तर ईएसआयसीने दिलेले फायदे नंतर मालकाकडून वसूल करता येतात.

अजून एक बदल लक्षात ठेवा. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त दाखवले असतील तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. बेसिक 6,000 आणि बाकी सगळं कन्व्हेयन्स, स्पेशल, अमुक-तमुक असं पगारपत्रक असेल तर ते आता पुन्हा मांडून घ्या.

ईएसआयसीच्या बाहेर कोण राहिलं, आणि त्यांचा हिशोब

आता यादीत ईएसआयसीवाल्यांसमोर खूण करा आणि उरलेल्यांकडे बघा. 10 पेक्षा कमी माणसांचा क्लास असेल तर सगळेच उरतील. मोठ्या शाळेत 21,000 च्या वरचे ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, सुपरवायझर, सिनिअर लॅब असिस्टंट आणि शिक्षक उरतील.

यांच्यातल्या कोणाला भरपाईचा कायदा लागू हे ठरवणारी एक अनुसूची आहे, दुसरी अनुसूची, आणि ती कामांची यादी आहे. ड्रायव्हर त्यात स्पष्ट बसतो, कारण इंजिनावर चालणारं वाहन चालवणं, दुरुस्त करणं, त्यात माल चढवणं-उतरवणं त्यात आहे. एका मजल्यापेक्षा उंच किंवा छताच्या टोकापर्यंत 12 फूट किंवा जास्त असलेल्या इमारतीची दुरुस्ती आणि देखभाल आहे, म्हणजे पत्र्यावर चढवलेला तुमचा शिपाई तिथे येतो. इमारतीतली विजेची फिटिंग दुरुस्त करणंही आहे. नुसता फायली नेणारा शिपाई येतो का यावर वकील तासभर वाद घालतील, म्हणून मी म्हणतो की या अनुसूचीच्या भरवशावर कोणाला वगळू नका, शिक्षकेतर सगळा स्टाफ नावानिशी पॉलिसीत घ्या. प्रीमियममध्ये जो फरक पडतो तो वादाच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

भरपाई किती बसते ते आकड्यात बघू, कारण हा आकडा कळल्याशिवाय पॉलिसीचं महत्त्व पटत नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या 50 टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्के गुणिले तोच गुणक. हिशोबाला पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, ही मर्यादा 3 जानेवारी 2020 पासूनची, त्याआधी 8,000 होती. गुणक वयाप्रमाणे उतरत जातो : 25 व्या वर्षी 216.91, 30 ला 207.98, 35 ला 197.06, 40 ला 184.17, 45 ला 169.44, 50 ला 153.09, 55 ला 135.56.

चाळीस वर्षांचा शिपाई, पगार 14,000. मृत्यू : 7,000 गुणिले 184.17, म्हणजे 12,89,190 रुपये. पूर्ण अपंगत्व : 8,400 गुणिले 184.17, म्हणजे 15,47,028. पंचेचाळीस वर्षांचा ड्रायव्हर, पगार 22,000 पण धरायचे 15,000 : मृत्यूला 7,500 गुणिले 169.44, म्हणजे 12,70,800. शिवाय उपचाराचा खरा झालेला खर्च वेगळा आणि अंत्यविधीचा खर्च वेगळा.

थोडी इजा झाली तर टक्केवारीचा तक्ता आहे. अंगठा गेला तर 30 टक्के. वरच्याच शिपायाचा बाक चढवताना अंगठा गेला असं धरलं तर 15,47,028 च्या 30 टक्के, म्हणजे सुमारे 4,64,108 रुपये. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर 40 टक्के. पण तक्ता म्हणजे अंतिम शब्द नाही. 1975 साली सुप्रीम कोर्टाने एका सुताराच्या केसमध्ये सांगितलं की डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला म्हणजे तो सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान 100 टक्के धरायचं. हाच विचार शाळेच्या ड्रायव्हरला लावून बघा, एक पाय गेला तर त्याची बस चालवायची कमाई शंभर टक्के गेली.

तात्पुरतं घरी बसावं लागलं तर दर पंधरा दिवसांना महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के. तीन दिवसांत बरा होऊन कामावर आला तर ही भरपाई लागत नाही.

घर ते शाळा वाटेतला अपघात

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण इथे अलीकडेच चित्र साफ झालं. आपल्याच मराठवाड्यातली केस आहे. एका साखर कारखान्याचा वॉचमन 2003 साली पहाटे 3 च्या ड्युटीला मोटरसायकलवर जाताना वाटेत अपघात होऊन वारला. खालच्या भरपाई आयुक्तांनी 3,26,140 रुपये व्याजासकट द्यायला सांगितले, हायकोर्टाने ते रद्द केलं, आणि जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. बावीस वर्षं! नव्या संहितेत तर हे थेटच लिहिलंय की घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला, तर कामावरचाच धरायचा. सकाळी 6 ला अंधारात स्कूटीवर येणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीचा वॉचमन यांच्यासाठी याचा थेट अर्थ आहे. म्हणून हजेरीची वेळ नीट नोंदवा, दोन्ही बाजूंना उपयोगी पडते.

शिक्षकांचं काय

इथे मोठी फट आहे. शिक्षकाचा पगार 21,000 च्या वर असेल तर तो ईएसआयसीत नाही, आणि भरपाईच्या अनुसूचीत 'शिकवणं' हे काम नाही. शिक्षक आणि कामगार कायदे यांचं नातं पहिल्यापासून अवघड आहे, 1988 साली गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक 'वर्कमन' नाही. तो कायदा वेगळा, पण त्यामुळे शिक्षकांना कुठलंच काही लागू नाही अशी समजूत पसरली, जी चुकीची आहे. ईएसआयसीच्या पगारमर्यादेत असलेले शिक्षक त्यात येतातच, आणि ग्रॅच्युइटीतही शिक्षक 2009 च्या दुरुस्तीने 3 एप्रिल 1997 पासून आले.

मग 30,000 वरच्या पीटीच्या सरांचा सहलीला गडावर पाय मोडला तर? त्यांच्यासाठी संस्थेने ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घ्यायची. ती कायद्याने सक्तीची नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की ज्या संस्थेला फी वाढवताना लाज वाटत नाही तिने हे टाळू नये. माणशी ठराविक रकमेचं कव्हर असतं, मृत्यू, कायमचं अपंगत्व, आणि पर्याय घेतला तर आठवड्याची भरपाई. घेताना तीन गोष्टी विचारा : 24 तासांचं कव्हर आहे की फक्त ड्युटीचं, सहल आणि ट्रेक धरलाय का, आणि हॉस्पिटलचा खर्च आत आहे का. स्पोर्ट्सवाले आणि स्काऊटवाले शिक्षक असतील तर दुसरा प्रश्न लिखित उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका.

पॉलिसी घेताना

डब्ल्यूसी पॉलिसीचे दर पूर्वी ठरवून दिलेले असायचे, 2007 पासून कंपन्यांना मोकळीक आहे, म्हणून तीन ठिकाणचे कोटेशन घ्याच. दर एकूण वार्षिक पगारावर हजारी लागतो आणि कामाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, क्लार्क सगळ्यात स्वस्त, ड्रायव्हर त्याच्या वर, उंचीवर काम करणारा अजून वर. सात जणांचा क्लास धरा, महिन्याचे पगार 95,000, वर्षाचे 11,40,000. समजा हजारी 4 रुपये दर मिळाला, तर 4,560 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 820.80, असे वर्षाला 5,380.80. दर नुसता समजण्यासाठी धरलाय, पण हिशोब असाच होतो, कोटेशन आलं की स्वतः करून बघा.

पॉलिसीचा कागद आला की पुढचं पान उलटा आणि शेड्यूल वाचा, बाकी छापील पानांपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं. कामाचं वर्णन काय लिहिलंय? 'टीचिंग अँड ऑफिस स्टाफ' एवढंच असेल आणि तुमचा माणूस टाकी धुताना पडला तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला. 'शिपाई, सफाई, इमारत देखभाल, विजेची किरकोळ दुरुस्ती, ड्रायव्हिंग' असं लिहूनच घ्या. पत्ते सगळे आहेत का, म्हणजे दुसरी शाखा, होस्टेल, मैदान? उपचाराचा खर्च मूळ पॉलिसीत बहुतेक वेळा नसतो किंवा तुटपुंजा असतो, तो वेगळा जोडावा लागतो आणि माणशी किती हे लिहिलेलं असतं, ते नक्की जोडा कारण मोडलेल्या हाडांच्या केसमध्ये खरा खर्च तिथेच होतो. भरपाई उशिरा दिल्याचं व्याज कव्हर आहे का ते विचारा, कंपनी करारात ते वगळू शकते. दंड मात्र तुमचा तुम्हीच भरायचा. ठेकेदाराची माणसं हवी असतील तर ती वेगळी दाखवून प्रीमियम भरावा लागतो.

पगार खरा दाखवा. कागदावर 8,000 आणि हातात 14,000 अशी पद्धत असेल तर प्रीमियम 8,000 वर जातो पण कर्मचारी 14,000 सिद्ध करतो, मधला फरक मग संस्थेच्या अंगावर येतो. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष वाटलेल्या पगाराचा आकडा कंपनीला कळवून हिशोब पूर्ण करायचा असतो, तो टाळू नका.

स्कूल बस

बस संस्थेची असेल तर गाडीचा विमा वेगळा बघा. मोटर वाहन कायद्याने थर्ड पार्टी पॉलिसीत ड्रायव्हरची भरपाईच्या कायद्याखालची जबाबदारी धरावी लागते. पण बसमधली मावशी त्यात आपोआप आली असं धरून चालू नका. महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांमुळे ती मावशी बसमध्ये असते, आणि तरी पॉलिसीत तिचा पत्ता नसतो. कंपनीला सांगून कर्मचारी म्हणून तिची जबाबदारी जोडून घ्या, त्यासाठी लागणारा जादा प्रीमियम अगदी कमी असतो. रस्त्यावरच्या अपघातात कर्मचाऱ्याला मोटर क्लेमचा रस्ता घ्यायचा की भरपाईचा हे निवडता येतं, दोन्हीकडून मिळत नाही. ट्रस्टींच्या किंवा प्रिन्सिपलच्या कारवर पगारी ड्रायव्हर असेल तर त्या कारच्या पॉलिसीतही 'पेड ड्रायव्हर' जोडलाय का बघा.

ठेकेदाराची माणसं तुमचीच समजा

"ते एजन्सीचे आहेत" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. तुमच्या कामावर, तुमच्या आवारात ठेकेदाराचा माणूस जखमी झाला तर तो तुमच्याकडे भरपाई मागू शकतो, तुम्ही ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची, आणि तोपर्यंत ठेकेदाराचा फोन लागत नसतो. म्हणून दर महिन्याचं बिल पास करायच्या आधी त्या महिन्याचं ईएसआयसी चलन आणि त्यासोबतची नावांची यादी मागा आणि ती नावं गेटच्या हजेरीशी पडताळा. नुसतं चलन घेऊन उपयोग नाही, त्यात दुसऱ्याच साईटची माणसं असतात. रंगकाम, पत्र्याचं काम, गॅदरिंगचा मांडव यासारख्या छोट्या कामांना ठेकेदाराकडे डब्ल्यूसी पॉलिसी आहे का विचारा, नसेल तर त्याच कामापुरती काढून घ्यायला लावा आणि पॉलिसीत तुमच्या शाळेचा पत्ता लिहायला सांगा. पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक साफ करायला नाक्यावरून माणूस आणून उतरवणं पूर्ण बंद करा, हे विम्याच्या पलीकडचं आहे, जीव जातात.

अपघात झालाच तर

आधी उपचार, मग कागद. ईएसआयसीवाला असेल तर जवळच्या हॉस्पिटलात न्या आणि अपघाताची माहिती पोर्टलवर 24 तासांच्या आत टाका. डब्ल्यूसी पॉलिसीवाला असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा, फोनवर भागवू नका. जागेचे फोटो, शिडी किंवा बादली जिथे होती तिथेच, पाहणाऱ्या दोघांचे दोन ओळी जबाब, त्या दिवसाची हजेरी, शेवटच्या पगाराची नोंद आणि वयाचा पुरावा एका फाईलला लावा. वयावरूनच गुणक ठरतो, म्हणून आधार किंवा शाळा सोडल्याचा दाखला कर्मचारी कामाला लागतानाच घेऊन ठेवा.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल, म्हणजे हातपाय मोडणं, नजर किंवा ऐकू येणं जाणं, 20 दिवसांपेक्षा जास्त घरी बसावं लागणं, तर 7 दिवसांत सक्षम अधिकाऱ्याला लेखी अहवाल द्यावा लागतो. आणि मृत्यूच्या केसमध्ये एक गोष्ट नीट ऐका : भरपाई घरच्यांच्या हातात देऊन पावती घ्यायची नाही. ती अधिकाऱ्याकडेच जमा करायची, तो विधवा, मुलं, आईवडील यांच्यात वाटतो. चांगल्या मनाने दोन लाख घरी नेऊन दिले आणि स्टॅम्पपेपरवर 'आता काही मागणं नाही' असं लिहून घेतलं तरी कायद्याने ती भरपाई धरत नाहीत आणि तो कागदही कुचकामी, कारण हा हक्क सोडून द्यायचा करार मुळातच रद्द असतो.

उशीर करू नका. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकालाच्या दिवसापासून नाही. एक महिना उलटला की 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवून ठेवलं तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. रकमेबद्दल वाद असेल तरी जेवढी मान्य आहे तेवढी आधी जमा करायची. कर्मचाऱ्याला दावा करायला दोन वर्षं असतात, म्हणून जुन्या फाईली जूनमधल्या रद्दीबरोबर जाऊ देऊ नका.

आता एक काम जे जवळजवळ कोणीच करत नाही. कामाला लावतानाच कर्मचाऱ्याला त्याचा भरपाईचा हक्क लेखी किंवा ऑनलाईन कळवणं 2017 पासून मालकावर बंधनकारक आहे, त्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, आणि न कळवल्यास जुन्या कायद्यात 50,000 ते 1 लाख दंड होता. नेमणूकपत्राच्या मागे चार ओळी छापा : तुमचा ईएसआयसी नंबर हा, किंवा तुमच्यासाठी संस्थेने अमुक कंपनीची अमुक नंबरची पॉलिसी घेतलीय, कामावर किंवा वाटेत अपघात झाला तर ऑफिसात अमुक व्यक्तीला लगेच कळवा, भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे. मावशींना वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि घरच्या एका माणसाचा मोबाईल नंबर त्याच कागदावर लिहून घ्या. पॉलिसी संपायची तारीख मात्र 31 मेच्या आसपास कधीच ठेवू नका, ऑफिस सुट्टीवर असतं आणि पुढच्याच आठवड्यात शिपाईकाका स्टुलावर चढणार असतात, डिसेंबर-जानेवारीत रिन्यूअल येईल अशी तारीख कंपनीकडून मागून घ्या.